मोड

मॅडमनी कागदावर लिहून दिलं, दिवसाला पंचाहत्तर ग्रॅम.
मी विचारलं, कशाचे?
आमच्या घरात तोवर ग्रॅम फक्त कथलाचे मोजलेले.

मुंबई नाक्यावरून रिक्षात परत येताना
यांनी बाही वर करून आपला दंड बघितला,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
चाळीस वर्षं या दंडानं पत्र्याला पोट दिलं,
बंबांना, घागरींना, पंगतीच्या पातेल्यांना.
तिसऱ्या केमोनंतर शर्ट खांद्यावर नुसता अडकवलेला,
खुंटीवर राहतो तसा.

अन्न कमी पडलं की शरीर स्वतःलाच खातं, मॅडम म्हणाल्या,
आणि सुरुवात स्नायूंपासून.
हे मला समजवावं नाही लागलं.
तांबट लेनमध्ये नांदले मी, भाता ओढलाय.
भट्टी पेटलेली आणि माल आलेला नाही,
तेव्हा घरातलीच भांडी मोडीत जातात.
आधी माळ्यावरची. मग रोजची.

बुधवारी गंगेवरच्या बाजारातून मटकी आणली,
भिजवली, फडक्यात बांधली.
सकाळी गाठ सोडली तर पांढऱ्या शेपट्या.
मोड आली हो छान, मी म्हटलं.
खाटेवरून आवाज आला, मोडच आहे, काय भाव लागला?
त्या आठवड्यात आम्ही तेवढंच हसलो.

कच्चं नको, पेशी उतरल्यात, शिजवूनच द्या.
शिजवते. मऊ करते. पुढ्यात ठेवते.
एक घास. दुसरा. मग तोंड वाकडं.
कळकलंय, म्हणतात.
वरण कळकलंय, दही कळकलंय, पाणीसुद्धा.
कल्हई उडालेल्या पातेल्यात ज्यानं
कुणाला कधी ताक ठेवू दिलं नाही
त्याच्या तोंडाचीच कल्हई औषधानं उडवली.
आता जेवण प्लास्टिकच्या चमच्यानं,
आइस्क्रीमच्या कपातला, गुलाबी.

अंडं आमच्या ओट्यानं पाहिलेलं नव्हतं.
हिरावाडीच्या वन्सं फोनवर म्हणाल्या, अगं, घरात देव आहेत.
मी म्हटलं, आहेत ना, मग बघू देत.
समोरच्या अफसानानं पहिलं उकडून दाखवलं,
किती मिनिटं, गार पाण्यात कधी टाकायचं.
यांनी ते सोललेलं तळहातावर धरलं,
सवयीनं टिचकी मारली.
आवाजच नाही, म्हणाले, आणि खाल्लं.

रात्री हिशेब, कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.
अंड्याचे सहा, घट्ट वरणाचे सात,
पनीर अर्धंच गेलं, दूध ठेवून दिलं.
बेचाळीस.
बेचाळीसवर मला झोप येईना.
अकरा वाजता सातूचं पीठ दुधात कालवून चमचा चमचा भरवलं.
साडेअकराला सगळं बाहेर.
बेचाळीसातून किती वजा करायचे
ते कागदावर नव्हतं.

नुसतं खाऊन भागत नाही, दंडाला काम हवं.
खुर्चीतून दहा वेळा उठा, लिहिलंय.
चौथ्याला धाप.
मग मी दुकानातून मठारायची लहानात लहान हातोडी आणली.
सकाळी आठदा वर, आठदा खाली, हवेत.
खाली पत्रा नाही, पण मनगट नेमकं
ठोक्याच्या जागी थांबतं.
गल्लीत आता तीनच दुकानं ठोकतात;
त्यातल्या एकाच्या तालावर हे उचलतात,
मला माहीत नाही असं समजून.

चौथ्या केमोच्या आदल्या दिवशी कृत्तिकानं टेप गुंडाळला,
पेनाच्या जुन्या खुणेवर.
साडेबावीस.
मागच्या वेळी?
साडेबावीस.
पोर गप्प झाली, टेप सोडवेना तिला.
वाढला नाही, बाबा.

यांनी दंडाकडं पाहिलं,
गिऱ्हाइकानं आणलेल्या जुन्या घागरीकडं पाहावं तसं.
गळत नाही ना?
नाही.
मग भर, म्हणाले,
आणि वाटी माझ्याकडं सरकवली.