पागाचं शिसं

बाबाचा पाग तीन वर्षं खुंटीलाच आहे.
जेवून त्यानं पाठ टेकली
की मी त्याच्या कडेची शिसं कापतो,
रोज दोन, आईच्या भाजीच्या कात्रीनं.

मागच्या दारी स्टोव्ह. चहाचं टाकून दिलेलं पातेलं.
शिसं बराच वेळ हट्टाला पेटलेलं,
मग एका क्षणी अंग सोडतं
आणि पातेल्यात आभाळ दिसायला लागतं,
त्यात वाळत घातलेला माझा कंपनीचा शर्ट.

साचा बिजूनं दिला, रबाळ्याच्या टूलरूममधला,
रात्रपाळीत चोरून घासलेला.
दोन फाकांमध्ये गळ आडवा निजवायचा,
फाका मिटायच्या, ओतायचं,
वीसपर्यंत मोजायचं.
उघडलं की बोराएवढं डोकं
आणि त्यातून निघालेला आकडा.
डोळे बहिणीच्या नेलपॉलिशचे.
शेपूट रबराची, विकतची.
याला जिग म्हणतात, मी बाबाला सांगितलं.
तो बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिला.
"खायाला काय नाय यान?"
नाही.
"मंग मासली कशाला येल?"

अष्टमी. भांगाचं पाणी.
उधाणात खाडी इतकी गढूळ
की तिला काही दाखवण्यात अर्थ नसतो,
भांगाला मात्र जरा निवळते, वीतभर.
सारसोळ्याची जेट्टी, पहाटेचे साडेचार.
पाठीमागे पाम बीचवर एखादीच गाडी
आणि चिखलाचा तो वास
जो ऑफिसात माझ्या बुटांना येतो, आणि कुणी बोलत नाही.

फेकायचं. तळ लागेपर्यंत थांबायचं.
दोरी ढिली पडते, एवढीच खूण.
मग मनगट उचलायचं, थोडंसंच,
निजलेल्या पोराच्या हाताखालून
आपला हात काढून घ्यावा तसं,
आणि सोडून द्यायचं.
वर जाताना कुणी ढुंकून बघत नाही.
जिताडा घेतो ते पडताना.

किती वेळ तो मागे उभा होता, कळलं नाही.
लुंगी, कानाला मफलर, पायात माझ्याच जुन्या चपला.
"एकशेबेचालीस व्हती," म्हणाला. "आता अठ्ठ्यान्नव हायेत."
मी गरगर दोरी गुंडाळायला लागलो.
"थांब. टाक परत."

टाकलं.
त्यानं रॉडला हात लावला नाही.
पुढे होऊन दोरीच तेवढी
दोन बोटांत धरली, नाडी बघतात तशी,
आणि डोळे मिटले.
"चिखल."
उचललं, सोडलं.
"चिखल. कालवांचा दगूड. परत चिखल."
उचललं, सोडलं.
"ही पदूची होरी. बुराली ती. हिचा नाल हाय हा."
पदूकाका जाऊन अकरा वर्षं झाली.
वर पाणी नुसतं काळं होतं,
आणि बाबा खालच्या आळीतून
घरं ओळखत चालला होता.

मग त्याची बोटं एकदम थांबली.
"आला—"
मी ओढलं.
मी उशिरा ओढलं.
रॉड वाकला, एकदा, कोपरापर्यंत सगळं जड झालं,
आणि जेट्टीच्या खांबाखाली कुठेतरी
दोरी कालवांना घासून तुटली.
टोक हातात आलं तेव्हा केसासारखं कुरळं होतं.

मला वाटलं शिव्या देईल.
तो बोटाकडे बघत होता.
दोरीनं चिरलं होतं, बारीक, रक्त आलंही नव्हतं अजून.
"परताना आला रं," म्हणाला.
मला नाही. बोटाला.

दुपारी जेवून त्यानं पाठ टेकली नाही.
खुंटीवरचा पाग उतरवून
ओटीवर पाय पसरून बसला, पाग मांडीवर,
कडेवरून अंगठा फिरवत.
बऱ्याच वेळानं हात पुढे केला, कात्रीसाठी,
वर न बघता.
"दोनच व्हवीत का तीन?"