आखरावरची मोजणी

पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर रेंज येते.
सहावीवर नाही, आठवीवर वटवाघळांची घाण.
संध्याकाळी दुकानाचं शटर पाडून,
बोटांना झेरॉक्सची शाई तशीच,
मी इथे येऊन बसते आणि फोन विचारतो :
यांना फॉलो करायचं का?

यांना म्हणजे
एक बाई, ज्या पहाटे पाचला उठून
यशाच्या अकरा सवयी सांगतात.
आमच्याकडे पाचला सगळेच उठतात,
यश तेवढं झोपलेलं असतं.
एक बुलेटवाला, प्रत्येक धरणावर पाठमोरा.
एक भाऊ. नुसतेच भाऊ, आडनाव नाही,
खाली गर्दी, वर जेसीबीतून फुलं.
आणि बारीक अक्षरात :
तुमच्या ओळखीतले चौदा जण यांच्या मागे आहेत.

चौदा मागे असले
की पंधरावी आपण व्हावं, असं वाटतंच जरा.

'मागे' हा शब्द आमच्या घरात सरळ नाही.
आईनं आठवीत बजावलं होतं,
"कोनाच्या मांगं जाऊ नोको,
अन् कोनी मांगं आलं तं दुकानात शिर."
त्याच घरातले बाबा मात्र एकतीस वर्षं
मागेच चालले. गावाचे गायकी.
सकाळी आखरावर दीडशे ढोरं जमायची,
पुढे शिंगं, मग पाठी, मग धूळ,
आणि धुळीच्या मागे बाबा,
खांद्यावर आडवी काठी, काठीला डबा.
मी एकदा विचारलं, तुम्ही पुढे काऊन नाही चालत?
म्हणाले,
"पुढं चालनाऱ्याले रस्ता दिसते, पोरी.
मांगून चालनाऱ्याले ढोर दिसते.
कोनतं लंगडते, कोनाचं शेन पातळ झालं,
कोन उगाच कान झटकून रायलं,
हे मांगूनच समजते."

हा माझा नियम आहे असं नाही.
मागच्याच महिन्यात मी एका मांजरीला फॉलो केलं,
बहुतेक कोरियातली असावी.
पण आताशा बोट टेकवण्याआधी थांबते :
हे माणूस लंगडलं तर मला दिसेल का?

पाचला उठणाऱ्या बाई लंगडणार नाहीत,
त्यांचा उद्याही कालच शूट झालाय.
भाऊ तर चालतच नाहीत, उभेच असतात.
काढले. बुलेटवाल्याचा चेहरा
शेवटपर्यंत कळला नाही, तोही काढला.

राहिली वणीकडची एक नर्स,
जी फक्त बसची वाट बघतानाचे फोटो टाकते.
परवा चपलेचा अंगठा तुटला, तो टाकला.
राहिले एक रिटायर मास्तर,
पाट्यांवरच्या चुका शोधतात,
एकदा स्वतःचीच सापडली तर दोन दिवस खट्टू होते.
मांजर ठेवली.
आणि करिष्मा टेकाम, शाळेत माझ्या बाकावरची,
लग्न होऊन आर्णीकडे गेलेली.
ती शिवलेल्या बाह्या टाकायची, काजं, हुक,
एकदा सुई टोचलेलं बोट.

टाकायची.
वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं
तेव्हा ध्यानात आलं, ती नाही.
दिवाळीपासून नाही, आता होळीची राखही उडून गेली.
फोन सांगतो कोण आलं.
कोण परत आलं नाही, हे सांगायची त्याला सवय नाही.

बाबांना होती.
दिवस बुडताना आखराच्या तोंडाशी उभे राहायचे,
आकडे नाही, तोंडं बघायचे,
आणि एक कमी असलं की
जेवण झाकून ठेव म्हणून
कंदील घेऊन पांदणीनं परत.
आई चिडायची,
"एकशे एकोनपन्नास आले ना?"
ते ऐकायला थांबलेले नसायचे.

करिष्माचा नंबर माझ्याकडे जुना होता.
लावला. बंद.
पुन्हा लावला.
आर्णीची गाडी सकाळी सव्वासातला आहे.

सहाव्या पायरीवर फोन मुका झाला.
घरी बाबा ओट्यावर, गुडघ्याला तेल चोळत.
"सापडली का रेंज?"
म्हटलं, एक कमी आहे.
त्यांनी कोण ते विचारलं नाही.
उठले, भिंतीला धरून धरून आत गेले
आणि टॉर्च चार्जिंगला लावला.