न छापलेला आकडा

वांडेगेयाच्या चढावर, चपातीवाल्याच्या तव्याला लागून
माझं दुकान. दोन संगणक, एक खोकणारा प्रिंटर
आणि पाटी: टंकलेखन, बांधणी, पृष्ठक्रमांक.
पृष्ठक्रमांकाचे पैसे वेगळे का, सगळेच विचारतात.
ओक्वीरनेही विचारलं,
"ते तर आपोआप येतात ना?"
येतात की. भांडणंही आपोआपच येतात.

त्याने पैसे वाचवले.
दोनशे चौदा पानं, पायथे कोरे,
प्राध्यापक बिरुंगींकडे तीन महिने राहिली,
लाल पेन्सिलीने रक्ताळून परतली
आणि भाड्याच्या मोटरसायकलवरून येताना
मशिदीजवळच्या वळणावर रबर बँड तुटला.

दुकानात आला तो पोतं घेऊन.
काही पानांवर टायरची नक्षी,
एकावर चपातीचं तेल.
सकाळी नऊला जमा करायचं होतं.
फाइल होती माझ्याकडे. वीज नव्हती.

मग जमिनीवर पानं मांडली,
मोबाइलच्या उजेडात, गुडघ्यांवर.
वाक्य जिथे तुटतं तिथून पुढचं शोधायचं.
"आणि म्हणूनच" हे कुणाच्या शेपटीला लागतं?
"याउलट" कशाच्या उलट?
बावीस वर्षं टाइप करतेय मी,
बोटांनी किती प्रबंध गेले असतील,
डोळ्यांनी पहिलाच.

क्योगा सरोवरावर पपायरसची बेटं तरंगतात, असं त्यात होतं.
वर झोपडी, चूल, माणसं, एखादी कोंबडी.
रात्री वारा सुटतो.
सकाळी बाई उठते, दात घासायच्या आधी
काठावरच्या कुणालातरी ओरडून विचारते,
आज आम्ही कुठल्या गावाला लागलोय?

मी ते पान हातात धरून बसले.
ते दोन ठिकाणी बसत होतं,
दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, चौथ्याच्या सुरुवातीला,
दोन्हीकडे तितकंच बरोबर.
"तुझंच आहे ना?" मी विचारलं.
ओक्वीर म्हणाला, "लिहिताना माहीत होतं."

तीन वाजता पंखा फिरला. वीज.
लाल दुरुस्त्या घातल्या. मग सेक्शन ब्रेक.
पुढच्या पानांना रोमन, बारीक.
पहिल्या प्रकरणापासून पुन्हा एक.
मुखपृष्ठावर आकडा दाखवू नये, तिथे टिक.
तो विचारतो, "म्हणजे त्याला नंबर नाही?"
आहे रे. मोजलंय त्याला.
नुसतं बोलायला लावलेलं नाही.

ऋणनिर्देशाचं पान मात्र शेवटच्या ओळीपर्यंत भरलेलं:
प्राध्यापक, अधिष्ठाता, कार्यालयातली मंडळी,
दोन मामा, चर्चचा गायकवृंद.
ओक्वीरने खुर्ची ओढली, म्हणाला,
"कोबुसिंग्येबाई, एक ओळ तुमची घालतो."
मी त्याचा हात कीबोर्डवरून उचलला.
एक ओळ वाढली की पान वाढणार,
सारांश खाली सरकणार,
अनुक्रमणिका खोटं बोलू लागणार,
आणि बाहेर उजाडायला आलंय.

मला मुखपृष्ठासारखं मोज, म्हटलं.

छापलं. भोकं पाडली, काळी पट्टी बसवली.
ते बेटाचं पान शेवटी चौथ्यात गेलं, सत्त्याण्णव नंबर,
अजून वाटतं दुसऱ्यात बरं दिसलं असतं.

पृष्ठक्रमांकाचे पैसे पूर्ण घेतले.