चाळिसाव्या पानापासून

वाचायला नको म्हणतोस, भरमा,
सातवीत आलास, पाय बाकात मावत नाहीत.
पण खानापूरच्या स्टँडवर
बसची कानडी पाटी तूच वाचतोस
आणि नंदगडच्या म्हाताऱ्यांना मराठीत सांगतोस,
"हीच. चढा."
कुस्तीचं पोस्टर भिंतीला लागायच्या आधी
खळ फासलेल्या पाठीकडून
उलटी नावं ओळखतोस.

मग हे घे.
पहिली पानं फाटलीत, बरंच झालं.
चाळिसाव्यापासून धर,
तिथं कुत्रं जंगलात चुकतं.
धडा नाही हा, खाली प्रश्न नाहीत.
फणसाचा चीक लागला तरी चालेल.

तीन गुरुवार गेले.
चौथ्याला आला, पुस्तक शर्टाच्या आत,
त्रेसष्टाव्या पानात बसचं तिकीट.
कपाटाकडं बघत, माझ्याकडं नाही,
म्हणाला, "बाई, मरतंय काय कुत्रं?
मरणार असलं तर आत्ताच सांगा.
मी पुढं जात नाही."

"आठवत नाही रे," म्हटलं.
खोटं बोलले.

तो दारातच, चपलांच्या शेजारी
उकिडवा बसला,
तिकीट काढून
दातात धरलं.