उपाशीपोटी

पहाटे सहाला माझी स्कूटी सक्करदऱ्यातून निघते.
डिकीत बर्फाचा डबा, जांभळ्या-करड्या बुचांच्या नळ्या,
आणि आज कोणाकोणाचं रक्त घ्यायचं त्याची यादी.
मी डॉक्टर नाही, हे रोज सांगावं लागतं.
लोक बाही वर करतात, नजर भिंतीकडे वळवतात
आणि विचारतात,
"ताई, मग खाऊ तरी काय?"

मे महिना.
रात्रभर घरघरून कूलर दमलेत,
त्यांच्या ओल्या गवताचा वास गल्लीगल्लीत.
या वेळी अर्धं नागपूर उपाशी असतं
आणि माझी वाट पाहत असतं.

महालात देवाजी मौंदेकर. कधीकाळचे विणकर,
सुई टोचताना बोटं अजून धागा धरल्यासारखी मिटतात.
खिडकीत बरण्या ओळीनं:
मेथ्या, कारल्याची पूड, जांभळाच्या बिया,
चिठ्ठ्यांवर मोत्यासारखं अक्षर.
"सारं घेऊन राह्यलो, पण साखर उतरून नाही राह्यली."
उशीखालून संत्रा बर्फीच्या खोक्याचा कोपरा
डोकावत असतो.
आम्ही दोघंही तिकडे पाहत नाही.

धरमपेठेत चौथ्या मजल्यावर
एक मुलगी दूरदेशीच्या बिया काचेच्या भांड्यात भिजवते.
काटोलच्या मावशीनं पाठवलेली जवसाची चटणी
फ्रीजमध्ये मागे, लोणच्याच्याही मागे.
मला ती दिसते, कारण कापूस संपला म्हणून
बर्फ तरी द्या म्हटलं होतं.
बोलले नाही काही.
पैसे तिनं फोनवरून पाठवले, टुण्ण वाजलं.

मग इंदोरा.
पंचफुला नंदेश्वर, वय यादीत एकोणऐंशी,
स्वतःच्या हिशेबानं "असंन नव्वदाक".
दिवाळीत हिमोग्लोबिन सात होतं, आता अकरा.
सून म्हणते, गोळ्यांमुळे.
म्हातारी म्हणते, अंबाडीच्या भाजीमुळे.
दोघी माझ्याकडे बघतात, निकाल दे म्हणून.
मला एवढंच ठाऊक:
लिंबू लोहाला हात धरून रक्तापर्यंत नेतं,
चहा त्याला दारातच अडवून गप्पा मारतो.
म्हणून गोळीनंतर तासभर चहा नको.
बाकी तुमचं तुम्ही वाटून घ्या.

आज पट्टा सोडला, कापूस दाबला,
तर तिनं दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरली
आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली,
बाजारात भेंडी मोडून पाहावी तशी.
"तुयाच पापण्या पांढऱ्याफट्ट हायेत, बाई.
कायले दुसऱ्यायचं रक्त पाह्यत फिरतं?
सकाऊन काय खाल्लं?"

काही नाही.
बारा वर्षांत काही नाही.
उपाशी माणसांच्या घरी खाऊन कसं जायचं,
असं कधीतरी वाटलं होतं,
नंतर वाटणं राहिलं नाही, सवय राहिली,
आणि चहा. चार, पाच. मोजले नाहीत.

तिनं गंजातून आंबील ओतली,
रात्री भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची,
वरून ताक, जिरं, चिमूट मीठ.
पेला जर्मलचा, काठाला पोचा.
पहिला घोट आंबट,
दुसऱ्या घोटाला पोटाला आठवलं की ते पोट आहे.
सून म्हणाली, "बस ना वं, ऊन कुठं पळून राह्यलं?"
मी बसले.
समोरच्या नळीत पंचफुलाबाईंचं रक्त
शहाण्यासारखं उभं होतं.

लॅबमध्ये पट्टा दातांनी ओढून
माझ्याच दंडाला बांधला.
स्वतःची शीर शोधायला मला वेळ लागला.
चिठ्ठीवर नाव, वय, तारीख.
उपाशीपोटी? या चौकोनात
हात सवयीनं "होय"कडे गेला,
आणि ओठावर जिऱ्याचा कण लागला.
लिहिलं: नाही.

रिपोर्ट संध्याकाळी.
तोवर गोकुळपेठेत दहाची लिंबं घेतली, अंबाडीची जुडी घेतली,
टपरीसमोरून स्कूटी न थांबवता काढली.
टपरीवाला भगला हात उंचावून बघतच राहिला.
उद्याचं काही सांगत नाही.