शास्त्राचा तास

आमच्या घरात शास्त्र हा शब्द दोनदा यायचा.
शनिवारी रात्री बाबा म्हणायचे, उद्या शास्त्राचा तास, लवकर झोप.
सोमवारी बाई म्हणायच्या, शास्त्राची वही काढा.
मी दोन्हीकडे एकच वही न्यायचे.
तिच्यात बेडकाचं हृदय आणि नोहाचं तारू
पाठपोट,
शाई इकडची तिकडे झिरपलेली.

आता छप्पन्नाव्या वर्षी
शरणपूर रोडवरून रोज बसने कॉलेजात जाते,
रसायनाच्या लॅबमध्ये बाटल्यांना चिठ्ठ्या लावते.

उपवासकाळात योनाथान कसोटे आले.
ईस्टरला नातीचा बाप्तिस्मा आहे म्हणाले,
पाणी नासर्डीचंच हवं.
माझ्या आजोबांचा तिथल्या डोहात झाला होता,
पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे, तळाचे गोटे दिसत होते म्हणे.
तुम्ही फक्त एवढं बघा, ठीक आहे ना.

पुलाखाली उतरले.
फेसात एक शेकाट्या उभा होता, लाल काड्यांचे पाय,
असा निवांत, जसा काही
भाडं भरून राहतोय.
काचेच्या बुचाची बाटली वाकडी धरून भरली,
आत एकही बुडबुडा जाऊ द्यायचा नसतो,
म्हणून श्वास धरला.
(प्रार्थनेत मला हे कधी जमलं नाही.)

दोन औषधं घातली. बाटली उलटीसुलटी केली.
पाण्यात प्राणवायू असला की साका तपकिरी बसतो,
मातीसारखा, कुंभाराच्या हातासारखा.
नसला की पांढरा.

पांढरा बसला.
हिमासारखा.
लहानपणापासून पांढऱ्याची गाणी म्हणत आले मी,
धुतलेली वस्त्रं, धुतलेली मनं.
इतकं वाईट पांढरं कधी पाहिलं नव्हतं.

कसोट्यांना बाटली दाखवली.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, मग काय, बिसलेरी?

पाळकसाहेबांना म्हटलं, उपदेशात घ्या हे.
ते म्हणाले, मार्थाबाई, तिसऱ्या बाकावर कोण बसतं, माहीत आहे ना.
माहीत होतं. बेन्यामिनभाऊंचं प्लेटिंगचं शेड,
चर्चच्या नव्या छताचे निम्मे पत्रे त्यांचे.
मी तावातावानं घरी आले,
भाकरी करपवली,
आणि रात्री दीड वाजता आठवलं
की तपासून झालेला तो साका, ती औषधं, ते सगळं
मी बावीस वर्षं लॅबच्या सिंकमध्ये ओततेय,
आणि सिंकचा पाईप कुठे जातो
हे एकदाही वाकून पाहिलेलं नाही.

त्या रात्री मी कुणासाठीच प्रार्थना केली नाही.
नुसती वाकून बसले.

ईस्टरला नळाचं पाणी वापरलं, गंगापूर धरणाचं.
पोरगी तिन्ही वेळा जोरात रडली,
पाळकांची बाही ओली केली. नाव ठेवलं सरिता.
सभा सुटल्यावर सगळे केक खायला वळले,
कसोटे मात्र कुंडातलं पाणी तांब्यात घेऊन निघाले.
मीही निघाले. मागून बेन्यामिनभाऊ,
हातात त्यांच्याच गाडीची किल्ली:
बसा, उन्हाचं कुठे चालता.
वाटेत कोणी बोललं नाही. पुलावर त्यांनी खाली पाहिलं
आणि काच वर केली,
आणि परत खाली केली.

कसोट्यांनी तांब्या ओतला.
तेवढ्यानं आकडा हलत नाही, मी सांगू शकते,
दशांश चिन्हानंतर कितीही घरं मोजा.

लॅबमध्ये आता निळा कॅन आहे, सिंकला बूच.
मुलं हसतात, मावशींचा दानपेटी कॅन.
महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर बाटली भरते.
वहीत तारीख, तापमान, वास,
शेरा: शेकाटे दोन.

काल साका पांढराच बसला.
कडेला किंचित तपकिरी,
की मला तसं वाटलं.
वाटलेलं वहीत लिहायचं नसतं,
मीच मुलांना शिकवलंय.

पेन्सिलीनं लिहून ठेवलं.