कुंभारीच्या फाट्यापर्यंत

रविवारी पहाटे पाच, पार्क चौक.
आम्ही एकवीस जण. बावीसावा हळकुडे,
तो नेहमी उशिरा, आणि कारण नेहमी नवं.
आज म्हणे मांजर हेल्मेटमध्ये झोपलं होतं.
"उठवू वाटंना बे."

माझी सायकल वडलांची. काळी, बावीस इंची.
चेनकव्हरवर त्यांच्या हातचा पांढरा आकडा, ३१७,
गिरणीच्या स्टँडवर हजार सायकलींत सापडावी म्हणून.
हँडलला डब्याची कडी.
शहनाज नदाफ म्हणते, ताई, कडी काढा, वजन घटेल.
तिची सायकल ती दोन बोटांवर उचलते.
मी कडीला पाण्याची बाटली अडकवते.

सुरुवातीला कुणी बोलत नाही.
अशोक चौकापर्यंत नुसती फ्रीव्हीलांची किरकिर.
एका बोळात माग चालू होते,
खटक् खटक्, खटक् खटक्,
आणि माझे पाय, मी न सांगता, त्या ठेक्यात पडले.

अक्कलकोट रोडला मुदगलकाकांची चेन तुटली.
बावीस जणांकडे मिळून अकरा पान्हे,
आणि एकालाही काही येईना.
मागून एक सायकल आली, दांड्याला रिकामा डबा वाजवत.
"जरगंडी, जरगंडी," म्हणत माणूस उतरला.
भुवयांवर कापसाची लव, रात्रपाळीची.
डबा सवयीनं समोरच्या कडीला लावला, माझ्या,
आणि एक खिळा, एक दगड घेऊन बसला.
"मागावर दोरा तुटतो, हितं लोखंड.
गाठ मारता आली पायजे."
उठताना ३१७ वर बोट टेकवलं. "कुणाची?"
सांगितलं. त्यानं घंटी दोनदा वाजवली, माझीच.

मग तो पुढे, आम्ही मागे.
त्याचा वेग थकलेल्या माणसाचा.
"ॲव्हरेज गेलं की," हळकुडे कुजबुजला,
पण गिअर त्यानंही बदलला नाही.
कुंभारीच्या फाट्यावर तो वळला,
मागे न बघता हात वर केला.

वळसंगला चहा घेताना कळलं,
कडीला डबा तसाच.
झाकणावर खिळ्यानं कोरलेलं: अंबादास गाजूल.

परतताना घरकुलात शिरलो.
ओळीनं एकसारखी घरं, एकसारखी दारं,
उंबऱ्यात सुपं घेऊन विड्या वळणाऱ्या बायका.
"कुठला अंबादास? हितं गल्लीत चार हायत."
पोरं सायकलींमागे धावत सुटली,
शहनाजनं एकाला सीटवर बसवलं, मग दुसऱ्याला,
मग रांगच लागली.

तिसऱ्या दारात एक मुलगी आली.
बाप झोपला होता. आत घोरणं ऐकू येत होतं.
तिनं डबा घेतला, आणि हात खाली गेला.
"जड कसा?"
मीही बघितलं नव्हतं.
हळकुडे टायरची हवा तपासत होता, दुसऱ्यांदा,
आणि त्याच्या बोटांना भज्यांचं तेल.

घरी येईपर्यंत बाटली मी पाठीवरच ठेवली.
कडी सगळा रस्ता
आपली आपण वाजत होती.